पाणथरी चाचपायला शिकवणाऱ्या बाई

"म्हणजे कंपाउंडरच ना?"

भाचीनं अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सला प्रवेश घेतल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या चंद्रपूरच्या काकांचा पहिला प्रश्न हा होता. ती म्हणाली, "नाही हो आजोबा, तिकडे आम्हाला पीए म्हणतात." त्यानं तर गोंधळ आणखीच वाढला. आपल्याकडे पीए म्हटलं की आमदाराच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेला, दोन मोबाइल सांभाळणारा माणूसच डोळ्यांपुढे येतो.

काकांना हसण्यात अर्थ नाही. डॉक्टर आणि नर्स यांच्यामध्ये आणखी कुणी असू शकतं, ही कल्पनाच आपल्याला नवी. मीही भाचीला फोनवर खोदून खोदून विचारलं तेव्हा चित्र हळूहळू उलगडलं. त्यातही तिच्या एका बाईंबद्दल ती सारखी बोलते. त्या स्वतः पीए आहेत. आठवड्यातले दोन दिवस लहान मुलांच्या रक्ताच्या आजारांच्या क्लिनिकमध्ये रुग्ण बघतात आणि उरलेले दिवस विद्यापीठात पीए घडवतात. सुरुवातीला मला वाटलं होतं की या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

आधी हा पेशा कुठून आला ते पाहू. १९६५ साल. अमेरिकेत डॉक्टर कमी पडत होते, खेड्यांत तर फारच. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड हे मेडिसिनचे प्राध्यापक होते. नौदलातले वैद्यकीय जवान सेवा संपवून घरी परतत होते. जखमा बांधणं, सलाइन लावणं, घाईत निर्णय घेणं हे सगळं त्यांना येत होतं, पण मुलकी जगात त्या कसबाला काडीची किंमत नव्हती. स्टेड यांनी अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. तिघांची पहिली तुकडी! १९७० मध्ये ड्यूकमधूनच जॉइस निकोल्स ही पहिली महिला पीए तयार झाली. साठचं दशक संपता संपता कोलोराडो विद्यापीठात हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी याच धर्तीवर फक्त मुलांच्या आरोग्यासाठी एक अभ्यासक्रम काढला. म्हणजे मुलं आणि पीए यांचं नातं तसं जुनंच.

आज हा कोर्स पदव्युत्तर दर्जाचा आहे. चार वर्षांची पदवी झाली की पुढे साधारण २७ महिने. आधी वर्गातला अभ्यास, मग मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, इमर्जन्सी अशा विभागांत पाळीपाळीनं सुमारे २००० तास काम. शेवटी ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. त्यानंतर पीए रुग्ण तपासतात, निदान करतात, चाचण्या सांगतात, आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत औषधं लिहून देऊ शकतात. डॉक्टरांशी त्यांचं नातं कसं असावं, देखरेख किती असावी, याचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात.

मुलांच्या रक्तविकारांचा तज्ज्ञ डॉक्टर व्हायला तिकडे किती वर्षं लागतात? पदवी चार, मेडिकल चार, बालरोग तीन, वर रक्त आणि कर्करोगाची विशेष तीन. एकूण चौदा. पीए त्याच क्लिनिकमध्ये सहा-साडेसहा वर्षांत पोचतो. पण पोचला म्हणजे तयार झाला असं नाही. रक्तविकार त्याला तिथे गेल्यावर, अनुभवी डॉक्टरांच्या बाजूला बसून शिकावे लागतात. बाई म्हणतात, पहिलं वर्ष आपण फक्त किती कमी जाणतो ते कळण्यात जातं.

हे वाचून कुणाच्या मनात "आपल्या मुलीला पाठवू या" असं आलं असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ती राष्ट्रीय परीक्षा फक्त तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांनाच देता येते. आपल्याकडची फिजिशियन असिस्टंटची पदवी तिथे थेट चालत नाही, एमबीबीएससुद्धा चालत नाही. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं या पेशाला नाव मिळालं आहे, पण तिकडच्या आणि इकडच्या पीएंचे अधिकार एक नाहीत. एजंट काहीही सांगोत.

आता क्लिनिककडे वळू. दारावरच्या पाटीवर बहुतेक ठिकाणी रक्तविकार आणि कर्करोग हे दोन शब्द शेजारीशेजारी असतात, कारण मुलांच्या बाबतीत हे दोन्ही विषय एकाच तज्ज्ञाकडे असतात. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं म्हणून पाठवलेल्या पोराची आई ती पाटी वाचते आणि तिथेच तिचे पाय गळतात. त्यामुळे खोलीत शिरल्यावर बाईंचं पहिलं वाक्य बऱ्याचदा हेच असतं की आज आपण कॅन्सरबद्दल बोलायला बसलेलो नाही. हे वाक्य पाठ्यपुस्तकात नाही. भाचीनं ते पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घेतलं.

आणि खरंच, तिथे येणारी कितीतरी मुलं साध्या कारणानं येतात. दीड वर्षाचं गुटगुटीत बाळ, रंग मात्र कागदासारखा पांढरा, हिमोग्लोबिन सहा. विद्यार्थी लगेच दुर्मिळ आजारांची यादी म्हणायला लागतात. बाई आईला एकच विचारतात, "दूध किती पितं?" दिवसाला लिटरभर, आणि जेवायला तोंड उघडत नाही. झालं, निदान हातात आलं. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर पोट भरून जातं म्हणून लोह असलेलं बाकीचं अन्न पोटात जात नाही. म्हणून वर्षाच्या आत गाईचं दूध नको आणि वर्षानंतर दिवसाला साधारण ७०० मिलिलिटरच्या वर नको, असं तिकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. लोहाचं औषध द्यायचं, पण दुधातून नाही, कारण दुधामुळे ते नीट शोषलं जात नाही. "दूध पी, ताकद येईल" या वाक्यावर वाढलेल्या आपल्या घरांत ही गोष्ट गळी उतरवणं किती अवघड आहे, ते वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रकार घाबरवणारा. कालपर्यंत हुंदडणाऱ्या पोराच्या अंगावर अचानक निळेजांभळे डाग आणि पायांवर लाल टिपके. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, त्या दहा हजार. डेंग्यूमुळे प्लेटलेटची भीती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण इथे बऱ्याचदा एखाद्या साध्या विषाणूच्या तापानंतर शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून स्वतःच्या प्लेटलेट नष्ट करत असते. याला आयटीपी म्हणतात, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात. रक्तस्राव नसेल तर उपचार न करता नुसतं लक्ष ठेवायचं, असं अमेरिकन रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आकडा दहा हजार आणि "काही करायचं नाही" हे आईबापांना पटवून देणं, हे औषध लिहून देण्यापेक्षा कैक पटीनं कठीण. त्याच वेळी बाईंची नजर डाग कुठे आहेत त्यावर असते. धावत्या पोराच्या नडगीवर डाग असायचेच. अजून चालायलाही न लागलेल्या बाळाच्या कानावर किंवा पाठीवर असतील, तर त्या बाळाला घरात कुणी मारत तर नाही ना, हेही बघावं लागतं.

हिमोफिलियाबद्दल थोडक्यात. रक्त गोठवणारा एक घटक शरीरात कमी असतो, मार लागला नसतानाही सांध्यात रक्त साठतं. पूर्वी आईवडिलांना शिरेत सुई घालून तो घटक घरीच द्यायला शिकावं लागे, म्हणजे रडणाऱ्या तीन वर्षांच्या पोराची शीर आईनं शोधायची. २०१७ नंतर, हिमोफिलिया ए या प्रकारासाठी, कातडीखाली टोचायचं एमिसिझुमॅब हे औषध आलं आणि पुष्कळ घरांतला तो रोजचा संग्राम थांबला.

या क्लिनिकचा मोठा भाग मात्र सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा विळा करणारा आनुवंशिक आजार, व्यापून टाकतो. आणि इथे ही गोष्ट आपल्या दाराशी येते, कारण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. "एएस पॅटर्न", "एसएस पॅटर्न" ही भाषा तिथे लग्नाच्या बोलण्यांतही कानावर येते. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. "प्रत्येक" या शब्दावर बाई फार जोर देतात, कारण पहिलं मूल आजारी निघालं की पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब लोक मांडतात.

अमेरिकेत या आजाराची वैद्यकीय नोंद पहिल्यांदा १९१० मध्ये झाली. शिकागोत जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचं लिहिलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि पुढे व्हर्नन इनग्राम यांनी तो नेमका शोधला. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस, एवढाच फरक. त्यामुळे ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्यांसारखं ताठर होतं, गोल लवचीक पेशीचा विळा होतो, तो बारीक रक्तवाहिन्यांत अडकतो. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. फुटण्यानं रक्त कमी पडतं, म्हणजे पंडुरोग होतो, आणि अडकण्यानं वेदना.

आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांच्या वंशजांत आणि गोंड, भिल्ल, माडियांच्या वस्त्यांत एकच आजार कसा? उत्तर मलेरिया. एएस असलेल्या मुलाला मलेरियाचा जीवघेणा झटका येण्याची शक्यता कमी असते, म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हा बदल टिकून राहिला. भारतातला बदल इकडे स्वतंत्रपणे झाला असं बरेच अभ्यासक मानतात, पण त्यावर अजून एकमत नाही.

जन्मलेलं बाळ मात्र ठणठणीत असतं. आईच्या पोटात असताना बाळाकडे वेगळं, गर्भातलं हिमोग्लोबिन असतं आणि त्यात हा दोष नसतो. ते ओसरत जातं तसा सहाव्या महिन्याच्या आसपास आजार डोकं वर काढतो. बऱ्याचदा पहिली खूण म्हणजे हातापायांचे सुजलेले पंजे आणि थांबवता न थांबणारं रडणं. २००६ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्याच राज्यांत प्रत्येक नवजात बाळाची टाचेच्या थेंबभर रक्तावर तपासणी होऊ लागली, ती या मधल्या काळाचा फायदा घेण्यासाठीच. बाळ हसतंखेळतं असतानाच आईला बोलावून सांगायचं असतं की पुढे काय येणार आहे.

आणि मग पाणथरी, म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या आड असलेला हा अवयव रक्त गाळतो, जंतू पकडतो. सिकलसेलच्या बाळात विळ्यांसारख्या पेशी तिथे तुंबतात आणि कधी कधी पाणथरी काही तासांत फुगून शरीरातलं बरंचसं रक्त स्वतःत ओढून घेते. बाळ पांढरं पडतं, मलूल होतं, वेळेत रक्त चढवलं नाही तर जातं. ही गोष्ट रात्री दोन वाजताही होऊ शकते, तेव्हा जवळ डॉक्टर नसतो, आई असते. म्हणून बाई काय करतात, तर आईचा हात हातात घेऊन बाळाच्या डाव्या बरगडीखाली ठेवतात. "इथे. असं. आज किती लागते ते बोटांना लक्षात ठेवू दे. उद्यापासून रोज, लंगोट बदलताना." आईनं पुन्हा करून दाखवायचं. मग बाबांनी. आजी आली असेल तर आजीनं.

हे नुसतं दिलासा देणं नव्हे, याचा हिशेब झालेला आहे. जमैकात किंग्स्टनच्या रुग्णालयात १९७३ पासून नवजात बाळांची तपासणी सुरू झाली आणि तिथल्या आयांना पाणथरी चाचपायला शिकवलं गेलं. १९८५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पाणथरी अचानक फुगण्याच्या नोंदी दुपटीहून जास्त झाल्या. आजार वाढला नव्हता, आया आता तो ओळखत होत्या, इतकंच. आणि अशा १०० प्रसंगांमागे पूर्वी २९ बाळं दगावत, ती संख्या ३ वर आली. कुठलंही नवं औषध नाही, यंत्र नाही. मला विचाराल तर वैद्यकाच्या इतिहासात या आकड्याचा जितका गाजावाजा व्हायला हवा होता तितका झालेला नाही. औषध कंपनीचा त्यात फायदा नव्हता, म्हणून असेल.

इथे मला कळलं की बाईंच्या नोकऱ्या दोन नाहीत. क्लिनिकमध्ये त्या आईला शिकवतात, विद्यापीठात आईला शिकवणाऱ्यांना शिकवतात.

बाकीच्या उपचारांचंही तसंच आहे. पाणथरी निकामी झाली की जंतुसंसर्ग झपाट्यानं पसरतो. १९८६ च्या अभ्यासात रोज पेनिसिलिन दिलेल्या बाळांत असे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. पण दिसायला निरोगी असलेल्या बाळाला दिवसातून दोनदा, पाच वर्षांचं होईपर्यंत औषध पाजायचं कोण? आईच. ताप ३८.५ सेल्सिअसला टेकला की "सकाळी बघू" म्हणायचं नाही, तडक इमर्जन्सीत जायचं, हेही तिनंच लक्षात ठेवायचं. दोन वर्षांनंतर दरवर्षी डोक्यातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफीसारखी तपासणी करायची. तिथल्या रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त निघाला तर नियमित रक्त चढवायचं. १९९८ च्या अभ्यासानुसार त्यानं पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी घटतो. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी तर गर्भातलं तेच जुनं हिमोग्लोबिन पुन्हा जागं करते, आणि २०१४ पासून ती नऊ महिन्यांवरच्या बाळांनाही द्यावी अशी तिकडची शिफारस आहे. पण ती मुळात कर्करोगाचं औषध म्हणून ओळखली जाते. नाव शोधताच आईला मोबाइलवर काय दिसतं, याचा अंदाज करा. ती भीती फेडायला पंधरा मिनिटांची अपॉइंटमेंट पुरत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये तिकडे बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी दोन जनुकीय उपचारांना मंजुरी मिळाली. त्यातला एक, कॅसजेवी, जनुकात नेमकी काटछाट करणाऱ्या क्रिस्पर तंत्रावरचा पहिलाच मंजूर उपचार. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं १८ कोटी रुपयांच्या पुढे. आधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते, पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. हे सगळं तेरा वर्षांच्या मुलीला समजेल अशा शब्दांत सांगायचं असतं, तिच्या आईवडिलांसमोर. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेचं पहिलं लक्ष्य होतं सात कोटी लोकांची नुसती तपासणी.

वर्गात बाई ज्या गोष्टीवर सगळ्यात कडक असतात ती मात्र औषधाची नाही. सिकलसेलची कळ बाहेरून दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही, रक्ताच्या अहवालातही दिसत नाही. अमेरिकेत रुग्ण बहुतांश कृष्णवर्णीय. त्यामुळे इमर्जन्सीत आलेला सतरा वर्षांचा मुलगा "मला अमुक इंजेक्शननंच आराम पडतो" म्हणाला, की समोरच्याला संशय येतो, हा नशेसाठी तर आला नाही? त्या मुलाला औषधाचं नाव पाठ असतं, कारण वयाच्या चौथ्या वर्षापासून तो ते घेतोय. भाचीच्या परीक्षेत बाईंनी रुग्णाचं सोंग घेणारा एक नट बसवला होता, हसत मोबाइल बघणारा, आणि वेदना किती विचारल्यावर "दहापैकी नऊ" सांगणारा. भाचीनं कागदावर लिहिलं, "रुग्णाला फारशी वेदना दिसत नाही." त्या प्रश्नाला तिला शून्य. लहानपणापासून दुखणं घेऊन जगणारी मुलं मोबाइल बघूनच ते सोसायला शिकतात, हे तिला नंतर कळलं.

आणखी एक सवय बाई लावतात. मूल बाराचं झालं की प्रश्न आईला नाही, मुलाला विचारायचे. "तुझ्या गोळीचं नाव काय? ताप आला तर काय करशील?" कारण अठरा-एकविशीला त्याला मोठ्यांच्या दवाखान्यात जावं लागतं, आणि नेमक्या त्याच वळणावर बरीच मुलं उपचारांतून निसटतात, काही जीवही गमावतात.

नावाचा वाद चालूच आहे. २०२१ मध्ये तिकडच्या पीए संघटनेनं "असिस्टंट" टाकून "असोसिएट" घ्यायचं ठरवलं, डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला. डॉक्टरांच्या काळजीत तथ्य नाही असं नाही, सहा वर्षं आणि चौदा वर्षं सारखी नव्हेत. पण चौदा वर्षं शिकलेल्या माणसाकडे रोज सकाळी आयांचे हात धरून बसायला वेळ उरत नाही, हेही तितकंच खरं.

दिवाळीत भाची चंद्रपूरला आली होती. काकांना हे सगळं सांगत होती, पाणथरीपर्यंत आली तर काका मधेच म्हणाले, "पाणथरी? अगं, आमच्या लहानपणी मलेरियानं अर्ध्या पोरांच्या पोटाला यायची ती. दवाखान्यातला कंपाउंडर शाळेत येऊन रांगेनं चाचपायचा." मग स्वतःच सतरंजीवर उताणे झाले, गुडघे मोडले, आणि बेंबीखालून डाव्या बरगडीकडे बोटं सरकवत म्हणाले, "असं. खालून वर यायचा तो."

"बरोबर, आजोबा," भाची म्हणाली. "वरून सुरुवात केली तर मोठी झालेली पाणथरी बोटांखालीच असते आणि तिची कड काही सापडत नाही."